‘कोणते अँटिबायोटिक द्यावे?’ या प्रश्नाच्या आधीचे प्रश्न: संसर्गजन्य रोगांचे विशेषज्ञ होऊ इच्छिणाऱ्या डॉक्टरांसाठी

विचारणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेडिसिनमधील पदव्युत्तर शिक्षण येत्या काही महिन्यांत पूर्ण होईल आणि पुढे संसर्गजन्य रोगांत विशेष प्रशिक्षण घेण्याची इच्छा आहे, परंतु ‘या विषयात हाताने करण्याजोगे काही नाही, अँटिबायोटिक तर प्रत्येकच डॉक्टर लिहितो, मग त्यासाठी आणखी दोन-तीन वर्षे कशाला’, असे सहकारी म्हणतात, तेव्हा या प्रशिक्षणात नेमके काय शिकायचे असते आणि ते नीट कसे शिकावे? मी हे काम वीस वर्षांहून अधिक काळ करत आहे आणि त्यातली बरीचशी वर्षे प्रशिक्षणार्थी डॉक्टरांच्या सोबतीने गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहकाऱ्यांच्या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करतो. अँटिबायोटिक प्रत्येक डॉक्टर लिहितो आणि बहुतेक वेळा त्यासाठी आमची गरज नसते, नसावीही. साध्या न्यूमोनियासाठी विशेषज्ञाला बोलवावे लागत असेल, तर त्या रुग्णालयाची घडी कुठेतरी विस्कटलेली आहे असे समजावे. आमच्याकडे येते ती चिठ्ठी वेगळी असते. तिच्यावर बहुधा एकच ओळ असते: ‘ताप उतरत नाही, कृपया अँटिबायोटिक सुचवावे.’ या ओळीशी कसे वागायचे, हेच माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचे सार आहे. चिठ्ठीतला प्रश्न औषधाचा असतो, पण त्याच्या आधीचे प्रश्न कुणी विचारलेलेच नसतात. हा संसर्ग तरी आहे का? असल्यास शरीरात नेमका कुठे आहे? कोणत्या जंतूचा असू शकेल, आणि ते सिद्ध करण्यासाठी औषधाचा पहिला डोस जाण्यापूर्वी काय पाठवायला हवे? कुठे पू साठला आहे का, काढून टाकता येईल अशी नळी किंवा धातूचा भाग आत आहे का? आणि उपचार सुरू केलेच तर ते कोणत्या दिवशी थांबवायचे? ही उत्तरे हाती आली की औषधाचे नाव बहुतेक वेळा आपसूक पुढे येते. ती न मिळवता सुचवलेले औषध कितीही ‘भारी’ असले तरी तो अंदाजच असतो.

हे मी एका चुकीतून शिकलो. प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी एका रात्री शस्त्रक्रिया विभागातून फोन आला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा नववा दिवस, रुग्णाला पुन्हा ताप, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. मी फोनवरच चालू औषध विचारले, मूत्रपिंडाच्या तपासण्यांचे आकडे विचारले आणि कार्बापेनेम गटातले औषध मात्रेसह सुचवले. काम नीट झाले असे मला मनापासून वाटले होते. सकाळी आमच्या वरिष्ठ डॉक्टर राऊंडला आल्या आणि केसपेपर उघडण्याआधी त्यांनी रुग्णाच्या डाव्या हातावरची चिकटपट्टी काढायला सांगितली. मनगटाच्या थोडी वर जुन्या सलाईनच्या सुईची जागा होती. सुई तीन दिवसांपूर्वीच काढलेली होती, पट्टी मात्र तशीच राहिली होती. खालची शीर दोरीसारखी कडक लागत होती, वरची त्वचा लाल होती, आणि त्यांनी शिरेवरून बोट हलकेच दाबत आणले तेव्हा सुईच्या छिद्रातून पिवळ्या पुवाचा एक थेंब वर आला. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू वाढला, तोही मेथिसिलिनला दाद न देणारा, म्हणजे एमआरएसए. मी सुचवलेले औषध त्याच्यावर चालतच नव्हते. रुग्ण बरा झाला, पण संसर्ग मणक्यापर्यंत पोहोचल्यामुळे त्याला अनेक आठवडे शिरेतून औषध घ्यावे लागले. मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, ‘तू हात पाहिला होतास का?’ तेव्हापासून रुग्ण स्वतः पाहिल्याशिवाय मी अभिप्राय देत नाही. अगदीच नाइलाज असेल तर तो तात्पुरता आहे असे स्पष्ट लिहितो आणि सकाळी जाऊन पाहतो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण रक्तात हा जंतू सापडलेला रुग्ण म्हणजे या प्रशिक्षणाची अख्खी शाळा आहे. एका बाटलीत सापडला तरी तो दूषित नमुना म्हणून सोडून द्यायचा नसतो. औषध सुरू केल्यानंतर दर एक-दोन दिवसांनी रक्ताचे कल्चर पुन्हा पाठवायचे आणि ते निर्जंतुक येईपर्यंत पाठवत राहायचे, कारण उपचाराचे दिवस पहिल्या निर्जंतुक कल्चरपासून मोजले जातात. हृदयाच्या झडपा इकोने पाहायच्या. रुग्णाला उठवून बसवायचे आणि पाठीच्या कण्यावर एकेका मणक्यावर बोटाने ठोकत विचारायचे, ‘इथे दुखते का?’ नवी पाठदुखी, सुजलेला सांधा, मांडी पोटाकडे घेताना होणारी कळ, यांपैकी काहीही असले तर तिथले चित्र काढून घ्यायचे. शिरेतली नळी काढायची, गळू असेल तर ते रिकामे करायला शल्यचिकित्सकांना राजी करायचे. जंतू मेथिसिलिनला दाद देणारा निघाला तर एमआरएसए असेल असे धरून सुरू केलेले व्हॅन्कोमायसिन त्याच दिवशी थांबवून सेफाझोलिन किंवा फ्लुक्लॉक्सॅसिलिनसारख्या औषधावर यायचे, कारण अशा जंतूवर व्हॅन्कोमायसिन कमी पडते. ‘ते अधिक ताकदीचे आहे, राहू द्या’ असा आग्रह होतो तेव्हा नम्रपणे पण ठाम उभे राहायचे. गुंतागुंत नसेल तर किमान १४ दिवस, असेल तर चार ते सहा आठवडे. या जंतूच्या रक्तसंसर्गात विशेषज्ञाने रुग्ण प्रत्यक्ष पाहिला तर मृत्यूचे प्रमाण कमी होते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आणि यातल्या एकाही गोष्टीत कुठले गुप्त ज्ञान नाही. जे करायला हवे ते सगळे, योग्य क्रमाने, कंटाळा न करता आणि सहा आठवड्यांच्या अखेरपर्यंत कुणीतरी करत राहिले, यातच तो फरक आहे.

‘हाताने करण्याजोगे काही नाही’ या आक्षेपाला माझे उत्तर इथेच आहे. आमचे हत्यार म्हणजे रुग्णाची हकिगत, आणि ती घेणे हे शिकावे लागणारे, सरावाने चढणारे कौशल्य आहे. मी प्रत्येक नव्या प्रशिक्षणार्थ्याला पहिल्या आठवड्यात एक सवय लावतो. कोऱ्या कागदावर आडवी रेघ ओढायची, तिच्यावर ताप सुरू झाल्याची तारीख मांडायची आणि मग मागे-पुढे बाकी सगळ्या तारखा बसवायच्या: प्रवास, प्राण्यांशी संपर्क, पुराच्या पाण्यातून चालणे, दातांचे उपचार, नवे औषध, प्रत्येक अँटिबायोटिकचा पहिला आणि शेवटचा डोस. दहा मिनिटांचे हे काम महागड्या तपासण्यांच्या अर्ध्या यादीला रजा देते. डेंग्यूचा अधिशयन काळ, म्हणजे डास चावल्यापासून ताप येईपर्यंतचा काळ, साधारण ४ ते १० दिवसांचा असतो. त्यामुळे डेंग्यूच्या भागातून परतून तीन आठवडे झाल्यावर आलेला ताप तिथल्या डेंग्यूचा नसतो. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागू शकतात. व्हायव्हॅक्स मलेरियाचे परजीवी यकृतात निद्रिस्त राहून कित्येक महिन्यांनी डोके वर काढतात, म्हणून तिथे ‘प्रवासाला फार दिवस झाले’ हा युक्तिवाद चालत नाही. रेघेवर तारखा मांडल्या की काही रोग गळून पडतात आणि काही ठळक होतात. प्रशिक्षणार्थी ही रेघ पहिल्यांदा मांडतो तेव्हा त्याच्या ध्यानात येते, की केसपेपरवर चार डॉक्टरांनी हकिगत लिहिली आहे आणि चौघांच्या तारखा वेगवेगळ्या आहेत.

तपासणीचेही तसेच. स्क्रब टायफस हा ताप पसरवणारा माइट नावाचा बारीक कीटक जिथे चावतो तिथे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही आणि खाजतही नाही, त्यामुळे रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. ती काखेत असते, जांघेत असते, स्तनाखालच्या घडीत असते, गुडघ्यामागे असते. म्हणजे घाईच्या तपासणीत जिथे कुणी पाहत नाही नेमकी तिथे. आठवडाभराचा ताप, प्लेटलेट कमी, यकृताची एन्झाइम वाढलेली, तीन अँटिबायोटिक देऊन झालेली, आणि काखेतली खपली दिसल्यावर सुरू केलेल्या डॉक्सिसायक्लिनने बहुधा ४८ तासांत ताप उतरतो. मात्र एक गोष्ट आवर्जून सांगतो: रुग्णाला पडद्याआड नेऊन, काय पाहायचे आहे आणि का, हे समजावून, त्याची संमती घेऊन आणि गरज असेल तिथे सोबत परिचारिका ठेवून ही तपासणी करावी. एचआयव्ही आणि लैंगिक आजारांच्या रुग्णांसोबत आयुष्यभर काम करायचे असेल, तर रुग्णाची लाज आणि भीती सांभाळणे हा औषधशास्त्राइतकाच मुख्य अभ्यास आहे.

प्रत्येक ताप संसर्गाचा नसतो, हेही आम्हालाच सांगावे लागते. पीटर्सडॉर्फ आणि बीसन यांनी १९६१ साली ‘अनाकलनीय तापा’ची जी व्याख्या दिली, तीन आठवड्यांहून अधिक काळ वेळोवेळी ३८.३ अंश सेल्सिअसच्या वर जाणारा आणि आठवडाभर रुग्णालयात तपासूनही निदान न झालेला ताप, तिच्याखाली लिम्फोमा हा कर्करोग निघतो, स्टिल्स डिसीज हा सांध्यांचा दाहाचा आजार निघतो, औषधामुळे येणारा तापही निघतो. औषधाच्या तापाची मला विशेष काळजी वाटते, कारण तो पुष्कळदा अँटिबायोटिकमुळेच आलेला असतो आणि त्यावर इलाज म्हणून दुसरे अँटिबायोटिक जोडले जाते. अशा वेळी ‘सगळी बंद करून ४८ तास पाहू’ असे लिहायला जे धैर्य लागते ते पुस्तकातून येत नाही. तसे धैर्य असलेल्या वरिष्ठांच्या शेजारी उभे राहून ते येते.

आता प्रयोगशाळेकडे वळतो. तुम्ही जिथे प्रशिक्षण घ्याल तिथे रोज किमान अर्धा तास सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जाऊन बसा, आणि संगणकावर छापील अहवाल येण्याची वाट पाहू नका. कल्चरची बाटली पॉझिटिव्ह झाली की पहिल्या तासाभरात ग्रॅम स्टेनची काचपट्टी तयार होते; सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे गोल जंतू घोसात आहेत, साखळीत आहेत, की गुलाबी दांडके आहेत, एवढ्यावरूनच त्या दिवसाचा निर्णय बदलतो, तर पूर्ण अहवालाला पुढे एक-दोन दिवस लागतात. तिथले तंत्रज्ञ जे बोलता बोलता सांगतात ते अहवालात कधीच येत नाही: ‘ही वाढ एकाच बाटलीत आहे, तीही तिसऱ्या दिवशी आली.’ या एका वाक्यावरून त्वचेवरचा निरुपद्रवी स्टॅफिलोकॉकस आणि खरा रक्तसंसर्ग यांतला फरक कळतो आणि रुग्ण दोन आठवड्यांच्या अनावश्यक औषधातून सुटतो. उलट रक्तात कॅन्डिडा ही बुरशी एका बाटलीत एकदाच सापडली तरी ती खरीच मानायची, उपचार सुरू करायचे आणि डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा.

यंत्र चुकते तेव्हा माणसाची नजर कशी कामी येते याचे उदाहरण म्हणजे मेलिऑइडोसिस. रंगूनमधल्या व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ साली वर्णन केलेला हा आजार माती आणि पाण्यातल्या बर्कहोल्डेरिया स्युडोमॅलिआय या जंतूमुळे होतो, मधुमेही व्यक्तींना विशेष गाठतो, आणि प्रयोगशाळेत तो सहज ‘स्युडोमोनासची एखादी जात’ म्हणून नोंदला जातो. पण कल्चर प्लेटवर औषधांच्या चकत्या ठेवल्यावर जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोन्हींभोवती जंतू बिनधास्त वाढलेला आणि को-अमॉक्सिक्लॅव्हभोवती मात्र स्वच्छ गोल पडलेला दिसला, तर जाणकाराला लगेच शंका येते. ती शंका आली नाही तर रुग्णाला आठवड्याभराचे चुकीचे औषध मिळते. आली तर शिरेतून सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १०-१४ दिवस आणि त्यानंतर को-ट्रायमोक्साझोल निदान तीन महिने, असा पूर्ण वेगळा मार्ग धरला जातो. अशी शंका आल्यावर प्लेट उघडी हाताळायची नसते आणि तिचा वास तर मुळीच घ्यायचा नसतो. प्रयोगशाळेतल्या लोकांना तत्काळ सावध करणे हे तुमचेच काम आहे.

अहवाल वाचण्यातली एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यासाठी वेगळा परिच्छेद खर्च करतो. अहवालात प्रत्येक औषधासमोर एमआयसीचा आकडा असतो, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणारे औषधाचे किमान प्रमाण. बहुतेक जण सर्वांत लहान आकडा शोधतात आणि ते औषध सर्वांत चांगले असे धरून चालतात. हे चूक आहे. प्रत्येक औषधाची सीमारेषा वेगळी असते, कारण प्रत्येक औषध रक्तात वेगळ्या पातळीला पोहोचते. एका औषधाचा ०.५ आणि दुसऱ्याचा ४ यांची थेट तुलना करता येत नाही. शिवाय आकडा चांगला असूनही औषध संसर्गाच्या जागी पोहोचत नसेल तर उपयोग शून्य. डॅप्टोमायसिन रक्तातल्या स्टॅफिलोकॉकसवर उत्तम चालते, पण फुप्फुसाच्या आतल्या सर्फॅक्टंट या स्निग्ध थरामुळे ते निष्प्रभ होते, म्हणून न्यूमोनियात देत नाहीत. मेंदूच्या आवरणाचा दाह, हाडाचा संसर्ग, प्रोस्टेट, डोळा, प्रत्येक ठिकाणी कोणते औषध किती पोहोचते हे पाठ व्हावेच लागते. औषधशास्त्राचा हा भाग रुक्ष वाटतो खरा, पण तो टाळून कुणी चांगला संसर्गतज्ज्ञ झालेला मी पाहिलेला नाही. पेनिसिलिनच्या कुळातल्या बीटा-लॅक्टम औषधांची पातळी किती तास टिकते त्यावर परिणाम ठरतो, जेंटामायसिनसारख्या अमिनोग्लायकोसाइडचा परिणाम मात्र त्याच्या पातळीने गाठलेल्या शिखरावर ठरतो, हे एकदा मनात पक्के बसले की मात्रा आणि वेळा घोकाव्या लागत नाहीत. रिफॅम्पिसिन लिहिण्याआधी रुग्णाची बाकीची सगळी औषधे वाचायची, कारण ते यकृताची एन्झाइम चेतवून रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनपासून गर्भनिरोधक गोळ्यांपर्यंत अनेकांचा परिणाम घटवते. न्यूमोनियात फ्लुओरोक्विनोलोन देण्याआधी क्षयरोग मनात आणायचा, कारण या औषधाने क्षयाची लक्षणे तात्पुरती दबतात आणि निदान लांबते.

औषध केव्हा थांबवायचे, याबाबत गेल्या दशकात बरेच पाणी पुलाखालून गेले आहे आणि आजच्या प्रशिक्षणार्थ्याने ते पुरावे मुळातून वाचायला हवेत. हाडे आणि सांध्यांच्या संसर्गात तोंडावाटे दिलेले औषध शिरेतल्या औषधापेक्षा कमी ठरत नाही, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओव्हिव्हा चाचणीने दाखवले. रक्तसंसर्गात ७ दिवसांचे उपचार १४ दिवसांच्या तोडीचे ठरतात, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स चाचणीने दाखवले. मात्र त्या चाचणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे रुग्ण घेतलेले नव्हते, आणि ही अट विसरून ‘सात दिवस पुरेत’ असे कुणी सरसकट सांगू लागले तर त्याला थांबवणे हेही आमचेच काम आहे. कोणत्या रुग्णांवर चाचणी झाली आणि समोरचा रुग्ण त्यांच्यात बसतो का, हे तपासण्याची सवय पहिल्या वर्षातच लागायला हवी.

न देण्याचा निर्णयही तितकाच महत्त्वाचा आहे. महिनाभर लघवीची नळी असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू वाढतातच. लक्षणे नसतील तर, गर्भारपण आणि मूत्रमार्गाच्या काही शस्त्रक्रिया यांसारखे मोजके अपवाद सोडून, त्यांवर उपचार करायचे नसतात. हे वाक्य परीक्षेत प्रत्येक जण लिहितो. पण कल्चरचा अहवाल हातात घेऊन काळजीत उभ्या असलेल्या सहकाऱ्याला ते पटवून देणे, त्याच्या काळजीचा मान ठेवणे आणि ‘ताप आला तर मला कधीही फोन करा’ असे म्हणून तो शब्द पाळणे, हे खरे स्ट्युअर्डशिपचे, म्हणजे अँटिबायोटिकांचा जपून वापर घडवण्याचे, काम आहे. अँटिबायोटिकांवर बंधने घालणारे खाते म्हणून आमच्याकडे पाहिले जाऊ लागले की लोक विचारायचे थांबतात, आणि विचारणे थांबले की रुग्णाचे नुकसान होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांची तीन गटांत विभागणी केली आणि शेवटच्या गटातली औषधे इतर काही चालत नाही अशा वेळेसाठी राखून ठेवली. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज प्रसिद्ध आहे. तो आकडा मी प्रशिक्षणार्थ्यांना सांगतो; पण त्याआधी त्यांना अतिदक्षता विभागातल्या, कोलिस्टिनसारखे अखेरचे औषधही न चालणाऱ्या रुग्णाच्या खाटेपाशी नेतो, आणि नातेवाइकांशी त्या वेळी काय बोलावे लागते ते ऐकायला लावतो.

संसर्ग-नियंत्रणाचे काम पुष्कळांना कारकुनी वाटते. ते तसे नाही, एवढेच इथे म्हणतो, आणि एक गोष्ट सांगतो: जुलाबाला कारण होणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूच्या बीजाणूंवर अल्कोहोलच्या हँडरबचा परिणाम होत नाही, तिथे साबण-पाणीच लागते, हे वॉर्डातल्या प्रत्येक सफाई कर्मचाऱ्याला माहीत आहे का, हे स्वतः जाऊन विचारणारा प्रशिक्षणार्थी पुढे चांगला निघतो.

एचआयव्हीचा बाह्यरुग्ण विभाग मात्र कुणीही टाळू नये. ५ जून १९८१ रोजी लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या न्यूमोसिस्टिस न्यूमोनियाची, म्हणजे प्रतिकारशक्ती ढासळल्यावर होणाऱ्या एका न्यूमोनियाची, छोटीशी नोंद प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत विषाणू सापडला, १९९६ च्या सुमारास एकत्रित औषधोपचार आले, आणि ज्या आजारात डॉक्टर केवळ सोबत करू शकत होते त्यात आज रुग्ण जवळजवळ इतरांइतके आयुष्य जगतो. वॉर्डात आम्ही रुग्णाला चार दिवस पाहतो. इथे त्याच माणसाला पंधरा वर्षे पाहतो, त्याचे लग्न, मुले, नोकरी गमावण्याची भीती, गोळ्या चुकल्याची कबुली, सगळ्यासह. उपचारांचा क्रमही इथे बारकाईने शिकावा लागतो. क्रिप्टोकॉकस या बुरशीचा मेंदूज्वर असताना एचआयव्हीची औषधे लगेच सुरू केली तर घात होतो, ती चार ते सहा आठवडे थांबवावी लागतात. बहुतेक इतर संसर्गांत मात्र लवकर सुरू करणेच हिताचे असते. अवयव प्रत्यारोपणाच्या रुग्णांतही काळाचेच गणित असते: पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेचे आणि रुग्णालयातले संसर्ग, पहिल्या ते सहाव्या महिन्यात दबलेल्या प्रतिकारशक्तीचा फायदा घेणारे, आणि पुढे समाजात सगळ्यांना होणारे संसर्ग अधिक. वर सांगितलेली रेघ इथेही लागू पडते, फक्त तिच्यावरची शून्याची जागा शस्त्रक्रियेच्या दिवशी येते.

या विषयाला भवितव्य आहे का, ही शंकाही प्रश्नात दडलेली आहे. ज्या पीटर्सडॉर्फ यांचा वर उल्लेख केला, त्यांनीच १९७८ साली, या विषयात इतक्या नव्या विशेषज्ञांची गरज आपल्याला दिसत नाही असे लिहिले होते. ते या शाखेतले मोठे नाव होते आणि त्या वेळच्या माहितीवर त्यांचे म्हणणे वाजवीही होते. पुढच्या तीनच वर्षांत एड्स आला, २००३ मध्ये सार्स, आणि २०१९ च्या अखेरीस कोविड. साथीची वाट पाहत ही शाखा निवडा असे मी मुळीच म्हणणार नाही. साथ नसतानाही कर्करोगाचे उपचार, प्रत्यारोपण, कृत्रिम सांधे, अतिदक्षता, यांतली प्रत्येक प्रगती संसर्ग आटोक्यात राहण्यावर उभी असते, आणि तो भार रोज कुणीतरी उचलावा लागतो. मिळकत प्रोसीजर असलेल्या शाखांपेक्षा बहुतेक ठिकाणी कमी असते, हे आधीच माहीत असावे आणि घरच्यांशी बोलून ठेवावे.

प्रशिक्षणाची जागा निवडताना इमारत आणि खाटांची संख्या पाहण्याऐवजी काही साधे प्रश्न विचारा. प्रशिक्षणार्थी वरिष्ठांसोबत रोज राऊंड घेतो की एकट्यानेच अभिप्राय लिहितो? सूक्ष्मजीवशास्त्र विभागात सलग काही महिने काम करायला मिळते का? क्षयरोग, एचआयव्ही, प्रत्यारोपण आणि अतिदक्षता हे चारही विभाग वाट्याला येतात का? दिलेल्या अभिप्रायाचे पुढे काय झाले, हे पाहण्याची काही व्यवस्था आहे का? कार्यक्रम देशागणिक वेगळे असतात, कुठे दोन वर्षांचे, कुठे तीन, कुठे सूक्ष्मजीवशास्त्राला जोडून त्याहून मोठे; पण या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर कालावधीचा फरक फारसा जाणवत नाही.

स्वतःची काळजीही प्रशिक्षणाचाच भाग समजा. कावीळ-बी ची लस आणि तिच्यानंतर प्रतिपिंडांची पातळी तपासलेली असावी, एन-९५ मास्क चेहऱ्यावर नीट बसतो की नाही ते चाचणी करून पाहिलेले असावे. सुई टोचली तर लाजेने गप्प बसू नये. एचआयव्ही-प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर तितकी चांगली, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. उत्तम डॉक्टर या बाबतीत स्वतःला अपवाद मानतात आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

शेवटी, रुजू झाल्यावर पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही तिच्यात लिहू नका. फक्त चिठ्ठीत विचारलेला प्रश्न, तुम्ही तो बदलून कसा विचारलात, काय सुचवलेत, आणि दोन आठवड्यांनी काय झाले, एवढेच. चौथा रकाना भरण्यासाठी तुम्हाला पुन्हा वॉर्डात जावे लागेल, घरी गेलेल्या रुग्णाची चौकशी करावी लागेल, कधी शवविच्छेदनाचा अहवाल वाचावा लागेल. तो रकाना रिकामा सोडू नका. माझ्या पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर त्या डाव्या हाताच्या रुग्णाची नोंद आहे, आणि चौथ्या रकान्यात सहा आठवड्यांनंतरची तारीख आहे.